साफी फाय : फाद्याल ते पॅरिस, आणि परत

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

चित्रपटाच्या इतिहासाला 'पहिला' आणि 'पहिली' या शब्दांचं भारी वेड. पहिला मूकपट, पहिला बोलपट, पहिली नायिका. आज मी जिच्याविषयी बोलणार आहे, त्या साफी फायच्या नावालाही हा शब्द असाच कायमचा चिकटला आहे. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतली, जिचा पूर्ण लांबीचा चित्रपट रीतसर वितरित झाला अशी ती पहिली स्त्री दिग्दर्शक. साल १९७५.

एका वाक्यात इतक्या अटी कशाला, असं तुम्ही विचाराल. कारण तिच्या आधीही वाट पाडणाऱ्या बायका होत्या. कॅमेरूनची पत्रकार तेरेझ सीता-बेला हिनं १९६३ मध्ये पॅरिसमध्ये अर्ध्या तासाचा एक माहितीपट केला होता. सारा माल्दोरोर हिनं १९७२ मध्ये अंगोलाच्या स्वातंत्र्यलढ्यावर 'सांबिझांगा' हा मोठा चित्रपट काढला. पण तिचा जन्म फ्रान्समधला. म्हणून साफीच्या पाटीवर एवढी विशेषणं लावावी लागतात.

मला स्वतःला त्या पाटीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं कुतूहल आहे. ही मुलगी कॅमेऱ्यासमोर आली ती नटी म्हणून. शिकली पॅरिसला, राहिली पॅरिसला, काही काळ बर्लिनला. पैसा उभा केला तो परदेशात, बक्षिसं मिळाली ती परदेशात, आणि तिचा शेवटही पॅरिसलाच झाला. पण तिचे महत्त्वाचे चित्रपट काढून पाहा, ते पुन्हा पुन्हा एकाच मुलखात शिरतात. डाकारच्या दक्षिणेला असलेलं आईवडिलांचं गाव आणि त्याच्या आसपासची शेतं. परदेशात नाव काढलेली माणसं पुष्कळ असतात. ते नाव गावाचं म्हणणं मांडण्यासाठी खर्ची घालणारी थोडी. साफीनं ते कसं केलं आणि त्याची किंमत काय मोजली, एवढंच आज सांगायचं आहे.

सेनेगल हा आफ्रिकेच्या पश्चिम टोकाचा देश. समोर अटलांटिक महासागर. दीर्घकाळ फ्रेंचांची वसाहत, १९६० मध्ये स्वतंत्र झाला. साफीचा जन्म १९४३ मधला, राजधानी डाकारचा. घराणं सेरेर जमातीतलं, मूळ गाव फाद्याल. हे सेरेर लोक पिढीजात शेतकरी. त्यांचं मुख्य अन्न बाजरी. आपल्याकडे जी बाजरीची भाकरी आपण पिढ्यान्‌पिढ्या खातो, ते धान्य मुळात पश्चिम आफ्रिकेच्या याच कोरडवाहू पट्ट्यातलं. हजारो वर्षांपूर्वी ते तिथून भारतात पोचलं. तेव्हा फाद्यालच्या शेतात उभं असलेलं पीक आपल्या शेतकऱ्याला लगेच ओळखू येईल.

फ्रेंचांनी या मुलखात भुईमूग आणला. म्हणजे पीक आधीपासून थोडंबहुत होतं, पण त्याचा मळा केला फ्रेंचांनी. कर रोख पैशात भरायचा, रोख पैसा हवा तर भुईमूग लावायचा, आणि शेंग विकायची ती फ्रान्सच्या तेलघाण्यांसाठी. बाजरीची जमीन हळूहळू भुईमुगाखाली गेली, आणि पोटाला लागणारा तांदूळ फ्रेंचांच्याच दुसऱ्या वसाहतीतून, इंडोचायनातून, बोटीनं येऊ लागला. आपण पिकवतो ते खायचं नाही, आणि खातो ते पिकवायचं नाही. हे गणित पुढं साफीच्या चित्रपटात येणार आहे, म्हणून ते लक्षात ठेवा.

आता चित्रपटाकडे वळू. फ्रेंच सरकारनं १९३४ मध्ये एक हुकूम काढला होता. मंत्र्याच्या नावावरून त्याला लावाल हुकूम म्हणतात. आफ्रिकेतल्या वसाहतींत चित्रीकरण करायचं तर सरकारची परवानगी हवी, संहिता आधी दाखवायला हवी. यामुळं आफ्रिकन माणसाच्या हाती कॅमेरा जाण्याची वाट जवळजवळ बंदच झाली. पोलँ विएरा हा तरुण पॅरिसच्या चित्रपट विद्यालयातून शिकून बाहेर पडला, पण त्यानं आणि त्याच्या मित्रांनी १९५५ मध्ये जो पहिला लघुपट केला, तो करावा लागला पॅरिसमध्येच, सेन नदीकाठच्या आफ्रिकन लोकांवर. स्वतःच्या देशाचं चित्रीकरण परक्यांनी करायचं आणि आपण परक्या देशाचं, असा तो उफराटा काळ.

परक्यांमध्येही चांगली माणसं होती. झाँ रूश हा त्यांतला एक. तो मानववंशशास्त्रज्ञ आणि चित्रपटकार. नायजर नदीच्या काठी त्याचा मुक्काम असायचा, स्थानिक माणसांशी त्याची जिवाभावाची दोस्ती, आणि त्यांना बरोबर घेऊन तो चित्रपट करायचा. तरीसुद्धा १९६५ मध्ये सेनेगलच्या उस्मान सेंबेननं त्याला तोंडावर सुनावलं की, तुम्ही आमच्याकडे किड्यामुंग्यांकडे बघावं तसं बघता. सेंबेन हा मार्सेयच्या गोदीत हमाली करून पुढं आलेला लेखक. मॉस्कोला जाऊन चित्रपट शिकला आणि आफ्रिकन चित्रपटाचा पाया त्यानं घातला. आफ्रिकेचं चित्र कुणी काढायचं, हा वाद असा ऐन भरात होता.

त्याच्या पुढच्याच वर्षी, एप्रिल १९६६ मध्ये, डाकारला कृष्णवर्णीयांच्या कलांचा पहिला जागतिक महोत्सव भरला. राष्ट्राध्यक्ष होते लेओपोल्ड सेंघोर, स्वतः मोठे कवी, आणि साफीसारखेच सेरेर. त्या वेळी साफी डाकारला शाळामास्तरीण होती. रुफिस्क गावच्या अध्यापक विद्यालयातून तिनं शिक्षिकेची सनद घेतली होती आणि वय तेवीसच्या आत होतं. या महोत्सवात तिची झाँ रूशशी गाठ पडली.

पुढं रूशनं तिला आपल्या 'पेती आ पेती' या चित्रपटात भूमिका दिली. पेती आ पेती म्हणजे थोडं थोडं, हळूहळू. १९७१ च्या सुमाराचा हा चित्रपट मोठा मिश्कील आहे. नायजर देशातल्या एका व्यापाऱ्याला बहुमजली इमारत बांधायची असते. असल्या इमारतीत माणसं राहतात तरी कशी, हे बघायला तो पॅरिसला येतो आणि गोऱ्या लोकांचा 'शास्त्रीय अभ्यास' सुरू करतो. भर चौकात लोकांना थांबवून डोक्याची मापं घेतो, दात तपासतो. युरोपीय शास्त्रज्ञांनी आफ्रिकेत जे केलं, त्याची ही परतफेड. त्या व्यापाऱ्याला पॅरिसमध्ये एक आफ्रिकन तरुणी भेटते, ती साफी.

साफीला हा चित्रपट फारसा आवडला नव्हता, असं तिनं पुढं सांगितलं आहे. पण त्यातून तिला दोन गोष्टी मिळाल्या. खऱ्या माणसांना घेऊन, खऱ्या ठिकाणी, लवाजम्याशिवाय चित्रपट कसा करतात हे तिनं जवळून पाहिलं. आणि रूशनं तिला सुचवलं की, कॅमेरा हे आपल्या लोकांचा अभ्यास करण्याचं साधन होऊ शकतं. सेंबेननं ज्याच्यावर तोफ डागली होती, त्याच माणसाचा सल्ला तिनं घेतला. पण तो स्वतःच्या पद्धतीनं राबवला.

तिनं डाकारची नोकरी मागं ठेवली आणि पॅरिसला एकाच वेळी दोन विद्या शिकायला घेतल्या. एकीकडे मानववंशशास्त्र, दुसरीकडे लुई ल्युमिएर यांच्या नावाच्या विद्यालयात चित्रपटाचं तंत्र. खर्च भागवायला ती कधी मॉडेल म्हणून उभी राहायची, कधी छोट्या भूमिका करायची, कधी चित्रपटांना लागणारे आवाज द्यायची. परदेशी राहिलेल्या आपल्या मुलामुलींना हे चित्र नवं नाही. दिवसा शिकायचं, उरलेल्या वेळात मिळेल ते काम करायचं.

१९७२ मध्ये तिनं पहिला लघुपट केला, 'ला पासांत'. वाटेनं जाणारी बाई, असा त्याचा अर्थ. अवघ्या दहा मिनिटांचा. पॅरिसच्या रस्त्यावरून एक आफ्रिकन स्त्री चालली आहे आणि पुरुष तिच्याकडे बघताहेत. ती बाई स्वतः साफीच. या चित्रपटाचं मला विशेष वाटतं ते असं की, नटी आणि मॉडेल म्हणून ती तोवर जे करत होती, म्हणजे दुसऱ्यांनी बघावं म्हणून उभं राहणं, नेमकं तेच इथं तिनं विषय म्हणून घेतलं. या वेळी ती चालतही होती आणि कॅमेरा कुठं ठेवायचा हेही ठरवत होती. बघणाऱ्यांच्या नजरा आता तिच्या चित्रपटात पकडल्या गेल्या होत्या.

एवढ्या भांडवलावर बहुतेकांनी पॅरिसमध्येच पुढचा चित्रपट केला असता. साफी गावी गेली.

'काद्दू बेकात' हे तिच्या पहिल्या मोठ्या चित्रपटाचं नाव. वोलोफ भाषेत त्याचा अर्थ होतो शेतकऱ्याचा आवाज. पैसा मिळाला तो फ्रान्सच्या सहकार्य मंत्रालयाकडून. पथक जेमतेम तीन माणसांचं. नट म्हणून गावातलीच माणसं, तिचे नातलग, शेजारी. चित्र कृष्णधवल.

हा चित्रपट एका पत्राच्या रूपात आहे. सुरुवातीला साफीचा आवाज येतो. पत्राच्या वरती मायना लिहावा तसा ती प्रेक्षकाला नमस्कार घालते आणि थोडा वेळ माझ्या घरी या म्हणून बोलावते. मग गाव उठतं. बायका बाजरी कांडतात, पुरुष शेतावर जातात, मुलं खेळतात. पहिला बराच वेळ काहीच 'घडत' नाही. शहरी प्रेक्षक चुळबुळ करतो. पण शेतीचं काम असंच असतं, आणि ते पाहायला वेळ द्यावाच लागतो, असा साफीचा हट्ट आहे. ती शास्त्र शिकलेली होती. नोंद कशी ठेवायची हे तिला ठाऊक होतं.

या दिनक्रमाच्या आत एक साधी गोष्ट आहे. न्गोर नावाच्या तरुणाला कुंबाशी लग्न करायचं आहे. त्यांच्याकडे मुलीसाठी देज द्यावं लागतं. त्याला पैसा हवा, आणि पैसा येणार भुईमुगातून. पण पाऊस नाही. १९६८ पासून साहेल पट्ट्यात सलग काही वर्षं भीषण दुष्काळ पडला होता, त्याची ही झळ. भुईमूग बुडतो, लग्न लांबतं. न्गोर कामाच्या शोधात डाकारला जातो. तिथं तो राबवला जातो, नाडला जातो, आणि शेवटी गावी परत येऊन आपला अनुभव पुरुषांच्या बैठकीत सांगतो.

चित्रपटाचा गाभा आहे तो या बैठकांत. गावच्या झाडाखाली माणसं जमतात आणि बोलतात. भुईमूग लावायला आम्हाला कुणी शिकवलं, भाव कोण ठरवतं, कर्ज का फिटत नाही, बाजरी कुठं गेली. हे बोलणं साफीनं लिहून दिलेलं नाही. ते त्या माणसांचं रोजचं बोलणं आहे. त्यांची तक्रार हवेतली नव्हती. फ्रान्सकडून मिळणारा चढा भाव १९६० च्या दशकाच्या अखेरीस बंद झाला होता. स्वतंत्र सेनेगलनं १९६६ मध्ये एक सरकारी संस्था काढली होती. तीच बी-खत उधारीवर द्यायची, तीच शेंग विकत घ्यायची. गोरा व्यापारी गेला आणि त्याच्या जागी सरकारी माणूस आला, शेतकऱ्याचा काटा मात्र तसाच खाली राहिला. ही संस्था पुढं १९८० मध्ये कर्जात बुडून गुंडाळावी लागली. झाडाखालची अडाणी समजली गेलेली माणसं पाच वर्षं आधीच जे सांगत होती, ते खरं ठरलं.

शेवटी साफी पुन्हा पत्राकडे येते आणि सांगते की, पत्र तेवढं माझं, बाकीचं सगळं माझ्या शेतकरी आईबापांचं. पत्राखाली सही कुणाची असावी याबद्दल ती इतकी काटेकोर होती. या चित्रपटात तिचे आजोबाही आहेत. चित्रीकरण संपल्यावर थोड्याच दिवसांत ते वारले. त्यांचा चेहरा राहिला तो या पत्रात.

चित्रपटाला १९७५ मध्ये फ्रान्समधला जॉर्ज सादूल पुरस्कार मिळाला. १९७६ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात आंतरराष्ट्रीय समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. आणि सेनेगलमध्ये त्याच्यावर बंदी आली. सरकारच्या शेतीविषयक धोरणावर त्यात टीका होती, हे कारण. ज्या माणसांचा आवाज म्हणून तो काढला, त्यांच्याच देशात तो दाखवता येईना.

इथं मला थोडं थांबावंसं वाटतं. भुईमुगाची सक्ती आणली फ्रेंचांनी, आणि त्या सक्तीवर टीका करणाऱ्या चित्रपटाला पैसा दिला तो फ्रेंच मंत्रालयानं. देश स्वतंत्र झाला, राष्ट्राध्यक्ष कवी, तोही सेरेर, आणि सेरेर शेतकऱ्यांच्या बोलण्यावर बंदी घातली ती त्याच्या सरकारनं. यातला खलनायक कोण, असं विचारलं तर सरळ उत्तर देता येणार नाही. परदेशी राहून घरच्याविषयी बोलणाऱ्या कलावंताची ही नेहमीची अडचण. घरचे म्हणतात, बाहेर जाऊन आमची लक्तरं दाखवतेस. बाहेरचे कौतुक करतात, पण त्या कौतुकात आपलं चुकलं होतं याची आठवण क्वचितच असते. साफीनं यांपैकी कुणालाही खूश करायचा प्रयत्न केला नाही. ती परत फाद्यालला गेली.

१९७९ चा 'फाद्याल' हा तिचा पुढचा मोठा चित्रपट, या वेळी रंगीत. गावाच्या नावाचा अर्थ ती सांगायची : ये आणि काम कर. या गावात आलास तर काम करायला हवं. करशील तर सुखी होशील, नाहीतर लोक हसतील. चित्रपटाच्या सुरुवातीच्या भागात गावची शाळा आहे. सेरेर मुलं फ्रेंच भाषेत घोकताहेत की, चौदावा लुई हा फ्रान्सचा सर्वांत थोर राजा होता. देश स्वतंत्र होऊन जवळजवळ वीस वर्षं झाली होती. आणि मग कॅमेरा जातो झाडाखाली, जिथं गावातला म्हातारा मुलांना गावाचा इतिहास सांगतो आहे. गाव कसं वसलं, कुणी वसवलं, कोणता राजा कसा वागला. गावाची मूळपुरुष एक स्त्री होती, असं ती कथा सांगते. मुलं प्रश्न विचारतात, म्हातारा उत्तरं देतो. वही नाही, पुस्तक नाही. साफी स्वतः शाळामास्तरीण होती हे आठवलं, की या दोन वर्गांची तुलना जास्त बोचते.

पण हा चित्रपट केवळ जुन्याची आठवण काढत बसत नाही. त्या म्हाताऱ्याच्या कथेला एक व्यावहारिक बाजू आहे. सेनेगलमध्ये १९६४ साली जमिनीचा नवा कायदा झाला होता. ज्या जमिनीची सरकारदरबारी नोंदणी नाही, ती राष्ट्राची, असं त्यानं ठरवलं. फाद्यालच्या शेतकऱ्याकडे कागद कुठला असणार? त्याच्याकडे होती ती फक्त गोष्ट : माझ्या पणज्यानं हे रान साफ केलं, अमक्या झाडापासून तमक्या ओढ्यापर्यंत. ती गोष्ट सांगणारा म्हातारा हाच त्याचा सातबारा. तो गेला, की गोष्ट गेली, आणि गोष्ट गेली की जमिनीवरचा हक्कही सांगता येत नाही. लोककथांचं संकलन म्हणजे हौसेचं काम, असं आपण समजतो. इथं त्या कथेवर गावाचं पोट अवलंबून होतं. मला वाटतं, साफीनं दोन्ही विद्या का शिकून घेतल्या, याचं उत्तर या चित्रपटात मिळतं. कानचा महोत्सव म्हणजे चित्रपटाच्या जगातला मोठा दरबार; तिथं १९७९ मध्ये हा चित्रपट दाखवला गेला. आणि त्याच वर्षी पॅरिसच्या विद्यापीठानं तिला मानववंशशास्त्रातली डॉक्टरेट दिली.

यानंतर ती बर्लिनला गेली, व्हिडिओचं नवं तंत्र शिकली, तिथल्या मुक्त विद्यापीठात पाहुणी अध्यापक म्हणून शिकवलं. १९८० मध्ये तिनं 'मान सा याय' हा चित्रपट केला. अर्थ असा : मी, तुझी आई. बर्लिनमध्ये शिकणारा सेनेगली विद्यार्थी आणि त्याला घरून येणारी आईची पत्रं. पत्रांत खुशाली आणि मागण्या दोन्ही. मुलगा परदेशी गेला म्हणजे पैशाचं झाड लागलं, असं घरच्यांना वाटतं. इकडे तो भाड्याच्या खोलीत थंडीनं कुडकुडत हिशेब जुळवत असतो. आपली मुलं आज पुण्या-नाशिकहून जर्मनीला शिकायला जातात. त्यांच्या घरी फोनवर काय बोलणं होतं, ते आठवून पाहा.

'काद्दू बेकात'मध्ये न्गोर गाव सोडून गेला. मग गावात मागं राहिलेल्या बायकांचं काय? त्याचं उत्तर साफीनं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला 'सेल्बे' या अर्ध्या तासाच्या माहितीपटात दिलं. एकोणचाळीस वर्षांची स्त्री, आठ मुलं, नवरा कामधंद्यासाठी गाव सोडून गेलेला. पहाटेपासून रात्रीपर्यंत तिचे हात थांबत नाहीत. साफी पडद्यावर दिसत नाही, पण तिचे प्रश्न ऐकू येतात आणि सेल्बे काम करता करता उत्तरं देते, कधी हसते, कधी चिडते. दोन बायका चुलीपाशी बोलताहेत असं वाटतं. हे बोलणं एखाद्या परक्या अभ्यासकाला मिळालं असतं का, याची मला शंका आहे. आणि गाव कधीच न सोडलेल्या बाईला तो प्रश्न विचारावासा वाटला असता का, याचीही. साफी आतली होती आणि बाहेरचीही होती. तिच्या कामाची सगळी ताकद या दुहेरी नात्यात होती.

१९८४ मध्ये तर तिनं बाजू पार उलटवली. पॅरिसमधल्या निरनिराळ्या देशांच्या खाणावळींवर तिनं एक माहितीपट केला. माणूस घरदार सोडतो, भाषा विसरतो, पण रांधायची पद्धत सोडत नाही, हे तिला दाखवायचं होतं. 'पेती आ पेती'मधला तो व्यापारी गंमत म्हणून पॅरिसचा अभ्यास करायला निघाला होता. त्या चित्रपटातल्या नटीनं तो अभ्यास खरोखरच केला, तोही डॉक्टरेट घेऊन.

आता तिच्या शेवटच्या चित्रपटाकडे येतो. 'मोसान' हा तिचा पहिला आणि एकमेव पूर्णपणे कल्पित कथेवरचा मोठा चित्रपट. मोसान ही चौदा वर्षांची अतिशय सुंदर मुलगी. अशी रूपवती फार मोठ्या काळानं जन्माला येते आणि पितरांचं लक्ष तिच्यावर असतं, अशी दंतकथा चित्रपटात आहे. ही कथा परंपरेतली वाटते, पण ती साफीनं स्वतः रचलेली. मोसानचं प्रेम एका गरीब विद्यार्थ्यावर. आईबापांनी मात्र तिला लहानपणीच दुसऱ्याला देऊ केलेली असते. तो होणारा नवरा फ्रान्समध्ये नोकरीला आहे. तो स्वतः येत नाही, त्याचा पैसा आणि भेटवस्तू येतात. मोसान लग्नाच्या दिवशी सगळ्यांसमोर नकार देते आणि पळून जाते. पण ती जिवंत राहत नाही, पाणी तिला घेतं.

जिनं स्वतः फ्रान्समध्ये राहून चार पैसे मिळवले, तिनं परदेशच्या पैशाविषयी असा चित्रपट काढावा, याचं मला फार अप्रूप वाटतं. तिकडून येणाऱ्या पैशानं घर उभं राहतं, देणी फिटतात. त्याच पैशानं मुलीच्या तोंडाला कुलूपही लागतं. दोन्ही गोष्टी तिला माहीत होत्या. चित्रपटाचं छायांकन युर्गन युर्गेस या जर्मन छायाचित्रकाराचं आणि गाणं यांदे कोदू सेन या थोर सेरेर गायिकेचं. गायिका गावची, कॅमेरा जर्मनीचा. साफीचं सगळं आयुष्य या जोडीत आलं, असं म्हणता येईल.

'मोसान'चं चित्रीकरण १९९० मध्ये झालं, आणि तो प्रेक्षकांसमोर आला १९९६ मध्ये. मधली सहा वर्षं गेली ती हक्कांवरून निर्मात्याशी झालेल्या कोर्टकज्ज्यात. चित्रपट तयार, पण तो आपला म्हणता येत नाही. फाद्यालच्या शेतकऱ्याकडे जमिनीचा कागद नव्हता. इथं तर कागदावरूनच भांडण होतं. शेवटी हक्क तिला परत मिळाले आणि कान महोत्सवात 'मोसान' दाखवला गेला. पण तोपर्यंत ती बावन्न वर्षांची झाली होती आणि उमेदीची सहा वर्षं वकिलांच्या पायऱ्या चढण्यात सरली होती. त्यानंतर तिनं एकही चित्रपट केला नाही. २२ फेब्रुवारी २०२३ रोजी, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, पॅरिसमध्ये तिचं निधन झालं.

त्याच्या पाच वर्षं आधी, २०१८ मध्ये, 'फाद्याल'ची जुनी फिल्म दुरुस्त करून, स्वच्छ करून कानला अभिजात चित्रपटांच्या विभागात पुन्हा दाखवण्यात आली. पुढच्याच वर्षी माती दिओप ही पॅरिसमध्ये जन्मलेली सेनेगली वंशाची तरुणी डाकारच्या किनाऱ्यावरचा 'अटलांटिक्स' हा चित्रपट घेऊन कानच्या मुख्य स्पर्धेत उतरली आणि तिथला दुसऱ्या क्रमांकाचा मोठा पुरस्कार घेऊन गेली. समुद्र ओलांडून जाणारे तरुण आणि मागं राहिलेल्या मुली, हाच तिचाही विषय. साफीनं जी पायवाट पाडली होती, तिच्यावर पुन्हा पावलं उमटू लागली होती.

तरी एक गोष्ट सलते. साफीचे चित्रपट युरोपात जितके पाहिले गेले, तितके आफ्रिकेत पाहिले गेले नाहीत. ते जतन झाले तेही बव्हंशी तिकडच्या संस्थांमुळे. म्हणजे झाडाखाली बसून म्हाताऱ्यानं सांगितलेला फाद्यालचा इतिहास आज ऐकायचा, तर त्याची वाट पुन्हा पॅरिसवरून जाते. याचा दोष साफीला देता येणार नाही. तिनं तिच्या वाट्याचं काम केलं : म्हातारा होता तोवर त्याच्यासमोर कॅमेरा लावला, आणि त्याचं बोलणं त्याच्याच नावावर ठेवलं.

परदेशी जाणाऱ्या माणसाला आपण विचारतो, तिकडे काय कमावलंस? साफी फायच्या बाबतीत उत्तर सोपं आहे. तिनं दोन विद्या कमावल्या आणि एक कॅमेरा. त्यांच्या जोरावर तिनं शेतकऱ्यांना त्यांचा भाव, म्हाताऱ्यांना त्यांची जमीन आणि बायकांना त्यांचा संसार स्वतःच्या तोंडानं सांगू दिला. आपल्याही गावोगावी अजून अशी माणसं आहेत, ज्यांच्याकडे कागद नाही पण गोष्ट आहे. आणि आता कॅमेरा तर प्रत्येकाच्या खिशात आहे. सुटीला गावी जाल तेव्हा आजोबांसमोर तो थोडा वेळ धरा, आणि ते बोलतील ते त्यांच्या गतीनं बोलू द्या. घाई करू नका.